मनावरचा घाव, शरीराची साक्ष

वाचकहो, व्यापारी घराण्यात हिशेबाची शिस्त लहानपणापासूनच अंगी बाणलेली असते. दुकानाला आग लागली, गोदामात पुराचे पाणी शिरले किंवा पेढीवर दरोडा पडला, तर दुसऱ्याच दिवशी पंचनामा होतो. किती माल गेला, किती वाचला, विम्याचा दावा किती रकमेचा, याची पैन् पै नोंद होते. परंतु त्याच रात्री दुकानात एकटे अडकलेल्या मुनीमजींची झोप उडाली, शेठजींचा हात सही करताना थरथरू लागला, किंवा घरातील लहानगी अंधाराला भिऊ लागली, हे नुकसान कोणत्याही वहीत लिहिले जात नाही. न लिहिलेले नुकसान नाहीसे होत नाही. ते रक्तदाबाच्या आकड्यात, पोटाच्या तक्रारीत, चिडखोर स्वभावात आणि मोडलेल्या झोपेत व्याजासह प्रकट होत राहते. या नुकसानीला वैद्यकशास्त्र मानसिक आघात असे म्हणते. आजच्या लेखात आपण त्याचा शरीरावर होणारा परिणाम आणि त्यातून सावरण्याचे मार्ग यांचा विचार करणार आहोत.

दुःख वेगळे, आघात वेगळा

प्रत्येक दुःख हा आघात नव्हे. व्यापारातील चढउतार, परीक्षेतील अपयश, वृद्ध माता-पित्यांचा वियोग हे आयुष्याचे भाग आहेत. काळाबरोबर मन त्यांना सामावून घेते. आघात तेव्हा होतो, जेव्हा जीवावर किंवा जिवलगांवर अकस्मात संकट येते, त्या क्षणी माणूस सर्वस्वी हतबल असतो आणि घडले ते स्वीकारण्याइतकी मनाची शक्ती उरत नाही. अपघात, दरोडा, भूकंप, मारहाण, लैंगिक अत्याचार, तरण्याताठ्या मुलाचा मृत्यू ही त्याची उदाहरणे होत. काही आघात एका क्षणाचे असतात, तर काही वर्षानुवर्षे चालतात. ज्या घरात रोज संध्याकाळी वडिलांच्या पावलांच्या आवाजाने मुले थिजून जातात, त्या घरातील आघाताला तारीख नसते.

अशा प्रसंगानंतर पहिले काही आठवडे झोप न लागणे, तेच दृश्य वारंवार डोळ्यांसमोर येणे, दचकणे हे स्वाभाविक आहे आणि बहुसंख्य माणसे हळूहळू सावरतात. मात्र एक महिन्यानंतरही ही लक्षणे टिकून राहिली आणि दैनंदिन व्यवहारात अडथळा आणू लागली, तर त्या अवस्थेला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानपुस्तिकेत या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. तोपर्यंत युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या या यातनेला अनेकदा भित्रेपणा समजले जाई. आजही आपल्याकडे ‘मनाने कच्चा आहे’ एवढ्या एका वाक्यात तिची बोळवण होते.

किल्लारीने शिकविलेला धडा

महाराष्ट्राला हा विषय ज्या घटनेने सर्वाधिक जवळून दाखविला, ती म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून गावकरी उशिरा घरी परतले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील जमीन हादरली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड छप्पर अशी तेथील घरांची जुनी रचना होती. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरे काही सेकंदांत झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

मदत आली, पत्र्याचे निवारे उभे राहिले, पुढे पक्की घरेही बांधून झाली. पण पक्के घर मिळूनही अनेकांना छपराखाली झोप येईना. दगडी भिंतीच्या घरापेक्षा पत्र्याची शेड बरी वाटे, तर कोणी अंगणातच अंथरूण टाकी. बाहेरच्या माणसाला हे अविवेकी वाटेल. परंतु त्या माणसांच्या शरीराने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली होती: छप्पर म्हणजे मृत्यू. नवे घर भूकंपरोधक आहे हे बुद्धीला समजले होते, शरीराला अद्याप समजले नव्हते. मानसिक आघाताचे मर्म या एका गोष्टीत सामावलेले आहे.

या आपत्तीत आपल्या समाजाचाही एक वाटा होता. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना पुण्यास आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी उचलली. या कार्याकडे केवळ दानधर्म म्हणून पाहू नये. ज्या मुलाचे घर, शाळा आणि अनेकदा पालकही एका पहाटे नाहीसे झाले, त्याला ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी वर्ग, बरोबरीची मुले आणि नावाने हाक मारणारी मोठी माणसे मिळणे हाच उपचाराचा पाया असतो.

शरीरात नेमके काय घडते?

मेंदूच्या आत बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची पहिली सूचना तो देतो. सूचना मिळताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तातील साखर वाढते, स्नायू ताठ होतात आणि त्या क्षणी अनावश्यक असलेले पचनाचे काम मंदावते. लढावे किंवा पळावे यासाठी निसर्गाने केलेली ही योजना आहे. धोका टळला की सारे पूर्ववत व्हावे, असा तिचा क्रम असतो.

आघातग्रस्त माणसात हा क्रम बिघडतो. धोका टळून महिने लोटले तरी पहारेकरी जागाच राहतो. शटर पडल्याचा आवाज, जळका वास, विशिष्ट तारीख, एखादा रस्ता, कशानेही तो शिट्टी वाजवितो आणि सारे शरीर पुन्हा युद्धसज्ज होते. दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षे असे घडत राहिले तर त्याची किंमत शरीराला मोजावी लागते. निद्रानाश, उच्च रक्तदाब, हृदयविकार, पोटात मुरडा, सततची डोकेदुखी व पाठदुखी, कायमचा थकवा यांचा दीर्घकालीन मानसिक तणावाशी असलेला संबंध आता वैद्यकशास्त्राने मान्य केला आहे. तपासण्या ‘नॉर्मल’ येतात, रुग्ण मात्र खरोखरच आजारी असतो. तो नाटक करीत नाही. यंत्रात तोडमोड दिसत नाही, एवढाच त्या अहवालांचा अर्थ. यंत्र रात्रंदिवस वाजवीपेक्षा जास्त वेगाने चालू आहे, हे अहवालात उमटत नाही.

मनाचा धक्का हृदयापर्यंत किती वेगाने पोहोचतो, याचे एक उदाहरण पाहा. १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात भूकंप झाला. त्या परगण्यातील मृत्यूच्या नोंदी डॉक्टरांनी नंतर तपासल्या. हृदयविकाराने अकस्मात दगावणाऱ्यांची संख्या आधीच्या आठवड्यात दिवसाला सरासरी ४.६ होती, भूकंपाच्या त्या एका दिवशी ती २४ झाली. यातील बहुतेकांना धावपळ किंवा शारीरिक श्रमही पडले नव्हते. आधीच दुर्बळ झालेल्या हृदयाला भीतीचा भार पेलवला नाही. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास आणखी एक विकार वर्णिला. तीव्र शोकाच्या धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा फुगतो आणि त्याचा आकार तेथील कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो. त्या मडक्याच्या नावावरून या विकारास ‘ताकोत्सुबो’ म्हणतात. उतारवयातील स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो आणि योग्य उपचारांनी बहुधा काही आठवड्यांत बरा होतो. पतिनिधनानंतर छातीत दुखते म्हणणाऱ्या सासूबाईंना ‘शोकाने होते असे’ म्हणून घरी बसवून ठेवू नये. त्यांना तत्काळ रुग्णालयात न्यावे, याचे हे कारण.

बालपणीचे न दिसणारे व्रण

या विषयातील सर्वांत विचार करायला लावणारा अभ्यास एका स्थूलतेच्या दवाखान्यातून जन्मला. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांच्या लक्षात आले की, वजन यशस्वीपणे कमी होत असतानाच काही रुग्ण उपचार सोडून जातात. त्यांच्याशी बोलताना अनेकांच्या बालपणी अत्याचार झाल्याचे उघड झाले. वाढलेले वजन हे काहींच्या दृष्टीने जगापासूनचे संरक्षण होते. पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासह त्यांनी मोठी पाहणी केली आणि १९९८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

साडेनऊ हजार प्रौढांना बालपणीच्या सात प्रकारच्या अनुभवांविषयी विचारण्यात आले: मानसिक, शारीरिक व लैंगिक छळ, आईला होणारी मारहाण, घरात कोणाचे व्यसन, कोणाचा मानसिक आजार वा आत्महत्येचा प्रयत्न आणि कोणाचा तुरुंगवास. निम्म्याहून अधिक लोकांनी यांपैकी किमान एक अनुभव घेतला होता. ज्यांच्या वाट्याला चार किंवा अधिक प्रकार आले होते, त्यांच्यात नैराश्य, व्यसनाधीनता आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी अधिक आढळला. हृदयविकार, फुप्फुसांचे व यकृताचे आजार यांचे प्रमाणही अनुभवांच्या संख्येबरोबर चढत गेले. ही माणसे गरीब वस्तीतील नव्हती. बहुतेक सुशिक्षित, मध्यमवर्गीय, आरोग्यविमा असलेली होती. सुखवस्तू घराच्या बंद दारामागेही असे घडते, ही गोष्ट आपण डोळ्यांआड करू नये.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. धोका वाढतो याचा अर्थ ललाटी लिहिले गेले असा नव्हे. कठोर बालपणातून गेलेली असंख्य माणसे निरोगी व समाधानी आयुष्य जगतात. त्यांच्या वाटचालीत बहुधा एखादी तरी व्यक्ती अशी असते, जिने त्यांच्यावर विश्वास ठेवला: आजी, मामा, शिक्षिका किंवा शेजारी.

आपल्या घरातील एक चित्र

कल्पना करा, एका सराफी पेढीवर दरोडा पडतो. मालकाच्या कपाळावर पिस्तूल टेकविले जाते. सुदैवाने प्राणहानी होत नाही, विमा मिळतो, आठ दिवसांत पेढी उघडते. नातलग म्हणतात, ‘देवाची कृपा, जिवावरचे धनावर गेले.’ सहा महिन्यांनंतर तोच मालक काउंटरवर बसणे टाळू लागतो. हेल्मेट घातलेले ग्राहक दिसले की त्याला घाम फुटतो. घरी क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावतो. रात्री तीनदा उठून कड्या तपासतो. साखर वाढली म्हणून मधुमेहाचे, छातीत धडधडते म्हणून हृदयाचे, जळजळ होते म्हणून पोटाचे, असे तीन डॉक्टर होतात. परंतु दरोड्याविषयी कोणी विचारीत नाही आणि तो सांगत नाही. पत्नीला वाटते, यांचा स्वभावच बदलला. मुलगा म्हणतो, पप्पांना आता धंद्यात रस राहिला नाही.

व्यापारी घरात असे मौन का पाळले जाते, हेही समजून घ्यावे. ‘गादीवर बसणाऱ्याने डगमगायचे नाही’ ही आपली शिकवण. बातमी बाजारात गेली तर पत जाईल, मुलीच्या स्थळाला अडचण येईल, भागीदार काय म्हणतील, ही धास्ती. घरची गोष्ट घरात राहावी या हेतूने ती घरातल्यांपासूनही दडविली जाते. स्त्रियांची स्थिती याहून कठीण असते. पाहुण्यांची उठबस करता करता त्यांना स्वतःच्या दुःखासाठी बसायला जागाच उरत नाही. कामात मन गुंतविणे हा चांगला आधार आहे, यात शंका नाही. परंतु काम हा आधार असावा, लपण्याची जागा होऊ नये.

सावरण्याची वाट

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले. प्रथम सुरक्षितता, नंतर घडलेल्याचे स्मरण व शोक, आणि शेवटी माणसांशी व जीवनाशी पुन्हा नाते जोडणे. हा क्रम कुटुंबानेही ध्यानात ठेवावा.

पहिला टप्पा शरीराचा. वेळेवर झोप, वेळेवर जेवण, रोज थोडे चालणे, सोबतीला कोणी असणे. श्वास सावकाश सोडण्याचा सराव हृदयाची धडधड शांत करण्यास मदत करतो. मात्र आघात ताजा असताना डोळे मिटून दीर्घकाळ ध्यानास बसविल्यास काहींना तीच दृश्ये अधिक तीव्रतेने दिसू लागतात. अशा वेळी डोळे उघडे ठेवून थोडाच वेळ बसावे, आग्रह करू नये. झोपेच्या गोळ्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून घेऊ नयेत. आघातानंतर पहिल्या महिन्यात काही विशिष्ट शामक गोळ्या टाळाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही मार्गदर्शन आहे. दारू व तंबाखू तात्पुरता विसर देतात आणि पुढे दुप्पट वसूल करतात.

दुसरा टप्पा बोलण्याचा. येथे दोन चुका होतात. एक म्हणजे ‘विसरून जा’ असे सांगणे आणि दुसरी म्हणजे ‘सगळे सांग पाहू’ म्हणून खोदून विचारणे. एकाच बैठकीत बळजबरीने सारे वदवून घेण्याने लाभ होत नाही, प्रसंगी अपाय होतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. भेटीस येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकीकत पुन्हा सांगायला लावणे ही आपल्याकडील रीत म्हणूनच सोडायला हवी. त्याऐवजी जवळ बसावे आणि एवढेच म्हणावे, ‘दादा, मी इथेच आहे. बोलावेसे वाटेल तेव्हा बोला, नाही वाटले तरी मी बसतो.’ ऐकताना न्यायनिवाडा करू नये, ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हा प्रश्न तर कधीच विचारू नये.

ज्यांना बोलणे जमत नाही, त्यांच्यासाठी लेखणी आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे आपल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाविषयी लिहावयास सांगितले. घडलेली घटना आणि तिच्याविषयीच्या भावना ज्यांनी दोन्ही लिहिल्या, त्यांना पुढील महिन्यांत दवाखान्यात जावे लागण्याचे प्रमाण कमी राहिले. लिहिलेले कोणास दाखविण्याची गरज नाही. लिहिताना फार अस्वस्थ वाटू लागले तर थांबावे.

याहून खोल जखमेला तज्ज्ञांचा हात हवा. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचारात रुग्ण तज्ज्ञाच्या सोबतीने त्या आठवणीकडे थोडे थोडे पाहावयास शिकतो, आणि ‘चूक माझीच होती’ यांसारखे घर करून बसलेले विचार तपासतो. ईएमडीआर या पद्धतीत आठवण मनात धरून डोळ्यांची विशिष्ट हालचाल करविली जाते. या दोन्ही पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. आठवण पुसली जात नाही; तिची धार बोथट होते. आवश्यकतेनुसार मनोविकारतज्ज्ञ औषधेही देतात.

तिसरा टप्पा पुन्हा जीवनात येण्याचा. याचेही उदाहरण किल्लारी परिसरातच सापडते. घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. सुरक्षित बांधकाम कसे असते हे त्या शिकल्या आणि इतरांना समजावू लागल्या. आघात माणसाचा सर्वांत मोठा तोटा करतो तो हा की, आपल्या हाती काहीच नाही अशी भावना तो मागे ठेवतो. ज्या भिंतींनी माणसे गिळली, त्या भिंती कशा उभाराव्यात हे ज्ञान हाती येणे म्हणजे ती भावना मोडून काढणे होय. म्हणून आघातग्रस्ताला सर्व कामांतून मुक्त करून नुसते बसवून ठेवू नये; त्याच्या कलाने, लहान का होईना, निर्णय त्याच्या हाती सोपवावेत.

मुलांकडे विशेष लक्ष

लहान मुले शब्दांत सांगत नाहीत. अंथरूण ओले करणे, पोट दुखते म्हणून शाळा टाळणे, आईला चिकटून राहणे, खेळात तोच प्रसंग पुन:पुन्हा खेळणे ही त्यांची भाषा असते. त्यांना खरे, सोपे व थोडके सांगावे. आजोबा वारले असताना ‘गावाला गेले’ असे सांगितल्यास मूल दाराकडे डोळे लावून बसते. ‘तुझ्यामुळे हे घडले नाही’ हे वाक्य मुलाला अनेकदा ऐकवावे. मुलाने अत्याचाराविषयी काही सांगितले तर प्रथम त्याच्यावर विश्वास ठेवावा. तो करणारा नात्यातला वा प्रतिष्ठित असला तरी घराण्याच्या नावापेक्षा मूल मोठे आहे. २०१२ चा पॉक्सो कायदा आणि १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी याच कामी आहेत.

मदत कोठे मिळेल?

एक महिन्यानंतरही दुःस्वप्ने, सततची भीती, माणसे टाळणे, अकारण संताप, व्यसन वाढणे किंवा कामात मन न लागणे अशी लक्षणे राहिली तर तज्ज्ञांकडे जावे. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलले तर एक दिवसही थांबू नये, त्या व्यक्तीस एकटे सोडू नये. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य बोलता येते. पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय मनोरुग्णालये आहेत. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारासही शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण देणे बंधनकारक आहे. आपली पॉलिसी नूतनीकरण करताना ही तरतूद अवश्य पाहून घ्यावी.

वाचकहो, ज्याच्या पायाला प्लास्टर आहे त्याला आपण जिना चढायला सांगत नाही, त्याच्यासाठी खुर्ची पुढे करतो. मनाला बसलेल्या घावावर प्लास्टर दिसत नाही, एवढाच काय तो फरक. या महिन्यात आपल्या घरी, पेढीवर किंवा नात्यात गेल्या वर्षभरात ज्यांच्यावर मोठे संकट कोसळले, अशा एखाद्या व्यक्तीची आठवण करावी. कामगार, मुनीमजी, घरकाम करणाऱ्या मावशी यांनाही त्यात धरावे. त्यांच्याकडे जाऊन व्यवहाराचे काही न बोलता एवढेच विचारावे, ‘रात्री झोप लागते ना?’ आणि उत्तर ऐकायला पुरेसा वेळ काढून जावे.